कमळाबाईने भिंत चाखली

पनवेलच्या एका आर्किटेक्चर कॉलेजात कमळाबाई कामाला लागली, त्याला तीन वर्षं झाली. काम काय, तर विटांना पाणी मारायचं. कॉलेजच्या मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली मातीच्या विटा रचलेल्या असतात. त्यांच्यावर गोणपाट टाकायचं आणि ते सुकू द्यायचं नाही. या विटा भट्टीत भाजत नाहीत. मातीत चुना कालवून, यंत्रात दाबून करतात आणि पुढे तीन-चार आठवडे पाण्यावर पिकवतात. 'पिकवतात' हा कमळाबाईचा शब्द. विद्यार्थी त्याला क्युअरिंग म्हणत.

विद्यार्थी म्हणजे शाश्वत वास्तुरचनेत एम.आर्क. करणारी मुलं. या शिक्षणाचं कमळाबाईला सुरुवातीला भारी नवल वाटलं. आधी पाच वर्षं शिकून आर्किटेक्ट व्हायचं आणि मग आणखी दोन वर्षं फी भरून चिखल तुडवायचा! घरी येऊन ती सुनेला, निशाला म्हणाली होती, "आमी तं फुकटात तुडवला गो."

तुडवला होता खराच. जासईकडच्या मिठागरावर तिचं सगळं बालपण गेलं म्हणा ना. बाप मिठागरात राबायचा आणि पाण्याचा एक थेंब जिभेवर ठेवून सांगायचा, की आज मीठ धरेल की उद्या. लेकीलाही त्याने तेच शिकवलं. दहा वर्षांची कमळी तीन वाफ्यांचं पाणी चाखून कुठलं आधी मीठ धरेल, कुठलं मागाहून, हे न चुकता सांगायची. मग लग्न होऊन ती विचुंब्याला आली. तिथे भातशेती होती, ती गेली आणि तिच्या जागी सात-सात मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. नवरा गेला. मुलगा केतन रेती-सिमेंट पुरवण्याच्या धंद्यात पडला. घरात काही कमी नव्हतं, पण रिकामं बसून टीव्ही बघणं हे काही कमळाबाईच्या पिंडात नव्हतं. म्हणून हे काम धरलं. लेक सिमेंट विकतो आणि आई बिनसिमेंटच्या विटा पिकवते, यावरून गावात थट्टा व्हायची. ती तिलाही आवडायची.

एक गोष्ट मात्र तिला आवडली नव्हती. पहिल्याच वर्षी मातीची गाडी आली, तेव्हा सवयीने तिने चिमूटभर माती जिभेवर ठेवली. "ई, मावशी माती खातात!" असं म्हणत एका मुलाने मोबाइलवर तिची चित्रफीत काढली. ती फिरत फिरत केतनपर्यंत पोचली. "आई, लोकं हसतात आपल्याला. परत असं करू नको," एवढंच तो म्हणाला. तिने पोराचं मन राखलं. त्यानंतर तिने माती चाखली नाही.

त्यात वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी रक्तदाबासाठी मीठ बंद केलं. मिठागरात जन्मलेल्या बाईला अळणी वरण! निशा मोठी कडक; घरात सगळ्यांचंच वरण अळणी करायची आणि तिच्या हातून कधी चुकूनही चिमूट पडायची नाही. कमळाबाई मुकाट जेवायची, पण मनात एक भीती बसली होती, की वापर नसलेला कोयता गंजतो, तशी आपली जीभही गंजली असेल.

यंदाच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांत चारुता नावाची एक मुलगी होती. नाशिकची चांगली नोकरी सोडून आलेली. खाडीच्या दमट हवेत चुन्याच्या विटेची भिंत सिमेंटशिवाय टिकते, हे तिला दाखवायचं होतं. तिचा दोन वर्षांचा सगळा प्रबंध त्या एका भिंतीवर उभा होता. कमरेएवढी उंच, आठ फूट लांब भिंत. इतर मुलं कमळाबाईला 'मावशी, पाणी मारा' म्हणून निघून जात. ही पोर शेजारी उकिडवी बसून स्वतः गोणपाट भिजवी आणि डब्यातली भाजी कमळाबाईपुढे सरकवी. तिच्या भाजीत मीठ असे. कमळाबाई ती फक्त बघे.

परीक्षा सोमवारी. आणि शुक्रवारी सकाळी गोणपाट काढलं, तर भिंतीवर पांढरी बुरशी आल्यासारखा थर!

चारुताचा चेहरा त्या भिंतीपेक्षा पांढरा पडला. तिचे मार्गदर्शक स्वानंद सर धावत आले. त्यांनी थरावरून बोट फिरवलं आणि कपाळाला हात लावला. त्यांचंही चुकत नव्हतं. गेल्या वर्षी देवेश नावाच्या मुलाच्या भिंतीवर असाच थर आला होता. कुणीतरी कॉलेजच्या बोअरचं मचूळ पाणी मारलं होतं. त्यातल्या मिठाने महिन्याभरात विटा भुसभुशीत होऊन बोटाने झडू लागल्या. तेव्हापासून नळाचंच पाणी वापरायचं असा नियम होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

"मावशी, मागच्या आठवड्यात दोन दिवस नळ बंद होता," सर म्हणाले. "मग पाणी कुठलं मारलंत?"

"आमच्या गावच्या विहिरीचं. रिक्षात कॅन घालून आनलं."

"कुणी पाहिलं?"

"कोन बघनार? सकाली सात वाजता मीच एकटी असतंय."

सर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "चूक झाली असेल तर सांगा. मी रागावणार नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं कमळाबाईला वाटलं. रागाला उत्तर देता येतं. या मऊपणाला काय उत्तर देणार? त्यातच तिचा स्वतःवरचाही विश्वास डळमळला. विहिरीचं पाणी तिने ओंजळभर चाखलं होतं, गोडं लागलं होतं. पण लागलं ते खरं का? उन्हाळ्यात विहिरीतही खारेपणा चढतो. अळणी खाऊन बोथटलेल्या जिभेला तेवढा कळलाच नसेल तर? मग पोरीची दोन वर्षं आपणच पाण्यात घातली.

थराचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल यायला पंधरा दिवस. सरांनी ठरवलं, की शनिवारी सकाळी भिंत पाडायची आणि उरलेल्या विटांतून निदान छोटासा तुकडा उभा करायचा. नाही जमलं तर परीक्षा सहा महिने पुढे. जाताना चारुताने कमळाबाईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात कमळाबाईला रात्रभर जाणवत राहिला.

शनिवारी ती नेहमीपेक्षा लवकर पोचली. तरी दोन गडी घण घेऊन आलेच होते. सर होते, चारुता होती, तमाशा बघायला सात-आठ मुलं होती. एका गड्याने घण उचलला.

"थांब रं!" कमळाबाई ओरडली.

तिने पदर खोचला, भिंतीपाशी गेली आणि एकदा त्या मुलांकडे बघितलं. दोघांच्या हातात मोबाइल होते. काढा काय काढायचंय ते, केतनला मी बघून घेईन, असं मनाशी म्हणत तिने पांढरा थर नखाने खरवडला आणि जिभेवर ठेवला.

कुणी 'ई' म्हटलं नाही. कमळाबाईने डोळे मिटले. खारट काही येईना. जीभ खरंच मेली की काय? तिने दुसऱ्या टोकाकडची चिमूट घेतली. आणि या वेळी जिभेवर एक ओळखीची, कोरडी, किंचित चरचरीत चव उमटली. रोज जेवणानंतर तोंडात असते ती.

"मेल्यांनो," ती म्हणाली, "यो तं चुना हाय. पानाला लावतंय तो. मीठ नाय यात, कनभर पन नाय."

"नक्की, मावशी?" सरांनी विचारलं.

"मिठागरात वाढलेली बाय मी. मना मीठ शिकवू नका, सर."

सरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे, आणि एका मुलाला कॅन्टीनकडे पिटाळलं. तो लिंबू आणि बशी घेऊन आला. थर खरवडून बशीत घेतला, वर लिंबू पिळलं. पांढऱ्या भुकटीला चुन्याला येतो तसा बारीक फेस आला. दुसरी चिमूट ग्लासभर पाण्यात ढवळली, तर ती मिठासारखी विरघळलीच नाही. तळाशी जाऊन बसली. विटेतलाच चुना सुकताना वर आला होता. त्याने भिंतीचं काहीच बिघडणार नव्हतं, ब्रशने झाडला की झालं.

"हे मला कालच सुचायला हवं होतं," सर म्हणाले. "पीएचडी मी केली, आणि..." पुढचं त्यांनी गिळलं. मग सगळ्यांसमोर हात जोडले. "मावशी, मी तुमच्यावर संशय घेतला. माझं चुकलं."

चारुता मात्र कमळाबाईच्या गळ्यात पडून इतकी रडली, की गडीसुद्धा घण खाली ठेवून नाक पुसू लागले. कमळाबाईही रडली. छातीवरचा धोंडा उतरला की माणूस आधी रडतो, हसणं मागाहून येतं. हसू आलं ते सरांनी गड्यांना चहा पाजून परत पाठवलं तेव्हा.

सोमवारी बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी भिंतीवर हात फिरवून पहिलाच प्रश्न विचारला, "हा थर मिठाचा नाही, हे कशावरून ठरवलंत?" चारुताने शेडच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या कमळाबाईला हाताला धरून पुढे आणलं आणि सगळी हकिकत सांगितली. परीक्षकबाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि विचारलं, "पाणी मचूळ आहे की नाही, हेही असंच कळतं?" कमळाबाईला चुन्याचं कळलं होतं, ते नक्की. पण विहिरीच्या पाण्याचा तो बारीक संशय अजून गेला नव्हता. "कलायचं पयले," एवढंच ती म्हणाली.

चारुता पास झाली. संध्याकाळी कमळाबाई पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आली. केतनच्या मोबाइलवर नवी चित्रफीत आधीच पोचली होती. आई भिंत चाखतेय आणि सर हात जोडताहेत. त्याने तिचं ताट स्वतः मांडलं. असं त्याने आजवर कधी केलं नव्हतं.

कमळाबाईने वरण-भाताचा पहिला घास घेतला आणि थबकली.

"निशा, आज मीठ टाकलंस गो?"

निशा चपापली. "नाय ओ आई... म्हंजी, आजचा दिस म्हनून अक्ख्या टोपात चार दाने टाकले. यांना पन कललं नाय. तुमाला कसं कललं?"

केतनने स्वतःच्या ताटातलं वरण पुन्हा चाखून पाहिलं आणि मान हलवली. त्याला खरंच काही लागलं नव्हतं.

कमळाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. विहिरीचं पाणी गोडंच होतं.

"वाढ आनखी," ती म्हणाली.