मोळीची गाठ

केडगावातले झेरॉक्सवाले काका निवृत्त हवालदार. आठवीत शाळा सुटलेल्या, परगावच्या मला त्यांनीच कामाला ठेवलं. तरी मला त्यांचा हेवा वाटतो. बोलण्याआधी ते चष्मा पुसतात आणि माणसं तेवढी थांबतात.

एक बाई खून झालेल्या आईचा जुना पोलिसी फोटो घेऊन आली. गळ्याला दोरी होती.

"काका, बायका मारून फाशी गेलेल्या त्या दोरीवाल्यानंच आईलाबी मारलं ना? गाव तसंच म्हनतं."

काकांनी चष्मा पुसला. "न्हाई ताई. त्याची गाठ सरकती हुती. ही पीळ मारून खोचलीय, उसाच्या मोळीसारखी. कोनी दुसराच."

ती रडली, मग त्यांच्या पाया पडली.

मी ऊसतोडीत वाढलेला; फोटो बघताच ती गाठ ओळखली होती. आळ आमच्याच तोडणीच्या माणसांवर येईल म्हणून गप्प बसलो.

"ताईंना पानी दे रे."

मी दिलं. पेला घेतानाही ती त्यांच्याकडेच बघत होती.