हळद लागलेला कॉम्प्युटर

आमच्या कॉम्प्युटरच्या डब्यावर डाव्या अंगाला हळदीचा एक डाग आहे. साबण लावून पाहिला, रॉकेल लावून पाहिलं, जात नाही. तो आईने लावलेला.

माझी आई धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीला गाणं लागतं. ते गाणं म्हणजे धवला, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. आईला चाळीसच्या वर धवले पाठ होते आणि लिहिता स्वतःचं नावही येत नव्हतं. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क, मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेली. म्हटलं, तू सांग, मी टाइप करते. तर तिचा नेम आडवा आला. लग्न नसताना धवला तोंडातून काढायचा नाही. चार दिवस आमची हुज्जत चालली. शेवटी तिनेच तोड काढली. कॉम्प्युटरखाली पाट सरकवला, पुढे तांदूळ आणि नारळ मांडला, डब्याला हळद फासली आणि मला म्हणाली, "ह्यो नवरा. आता लगीन हाय. लिव." मी लाजेने अर्धी झाले. शेजारीण दारातून बघून तोंडाला पदर लावून गेली. पण पुढचा महिनाभर त्या पेटीखाली, कॉम्प्युटरला ती पेटीच म्हणायची, पाट मांडल्याशिवाय आई एक दिवस बसली नाही.

खरं सांगायचं तर मला तिच्या गाण्याचीच लाज वाटायची. लग्नात ती हाक मारायची, ये गं, बाजूला बस, माझ्यामागून म्हण. मी पाहुण्यांना सरबत द्यायच्या निमित्ताने सटकायचे. टाइप करून दिलं म्हणजे माझं कर्तव्य झालं, अशी माझी समजूत.

आईला जाऊन चार वर्षं झाली. गेल्या वर्षी भाचीचं लग्न ठरलं, आणि ती म्हणाली, "आत्या, मला आजीचेच धवले हवेत." मी ऐटीत म्हटलं, त्यात काय, सगळे कॉम्प्युटरमध्ये आहेत, कागद काढून देते, बायका बघून म्हणतील. घरचा प्रिंटर खाऱ्या हवेने कधीच गंजून गेला होता. धवल्यांच्या फाइलींचा पेन ड्राइव्ह घेऊन छापायला अलिबागला गेले. दुकानदाराने फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, प्रश्नचिन्हं, नुसता कचरा. दुसरी उघडली, तीच गत. इतकी वर्षं तो पेन ड्राइव्ह मी देवघरात जपून ठेवला होता.

घरी येऊन कॉम्प्युटर लावला, तर तिथे सगळं नीट दिसत होतं. जुना मराठी टायपिंगचा प्रोग्राम, तो फक्त ह्याच जुन्या सिस्टीमवर चालायचा आणि त्यातली अक्षरं दुसरीकडे कुठेच वाचता येत नव्हती. आणि नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या ह्यांनी सिस्टीम बदलायला माणूस बोलावलेला. त्यांचंही चूक नव्हतं. सातबारा उघडत नाही, पेन्शनचं पान उघडत नाही, मशीन दहा-पंधरा मिनिटांत तापून आपोआप बंद पडतं. रोज सकाळी त्यांची चिडचिड.

तो माणूस दहाला आला. बघितलं आणि म्हणाला, "काकू, नवीन सिस्टीम टाकायची तर आतलं सगळं पुसावं लागेल. फाइली काढून देतो, पण हा प्रोग्राम नव्यावर चालायचा नाही."

"मग फाइली काढून काय करू? लोणचं घालू?"

तो हसला नाही. "नाही टाकली तर हे मशीन किती दिवस चालेल सांगता येत नाही. उद्या सुरूच झालं नाही तर दोन्हीकडून गेलं. मला बाराला काशीदला निघायचंय, लॉजवाल्यांची कामं आहेत. मग महिनाभर इकडे येणं नाही. काय ते ठरवा."

हे म्हणाले, "अगं, टाक की एकदाचं. किती दिवस अडवून ठेवणार?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, तुमच्या आईचे असते तर अडवलं असतंत. बोलल्या बोलल्या मला वाईट वाटलं, कारण आईचं शेवटचं आजारपण ह्यांनीच काढलं होतं.

"काकू, मोबाइलवर पडद्याचे फोटो काढा ना," तो माणूस म्हणाला. इतकी साधी गोष्ट, मला सुचली नव्हती. बसले. एक पान उघडायचं, फोटो, पुढचं पान. आठ पानं झाली आणि मशीन बंद पडलं. पंख्याखाली थंड होईपर्यंत थांबायचं, परत लावायचं. अकरा वाजले. वीस पानं. परत बंद. निम्मे फोटो हलले, ते पुन्हा काढले. तो माणूस घड्याळाकडे बघत होता. हे पुठ्ठ्याने डब्याला वारा घालत उभे होते.

घाईत मी वाचत नव्हते, तरी मध्येमध्ये दिसत होतं. मी तेव्हा आई बोलेल ते सगळंच टाइप करत गेले होते. हळद दळायच्या धवल्यात मध्येच 'पानी दे गो'. पुढे एका ठिकाणी 'हलू लिव, मी काय पलून चाललू'. ते वाचताना डोळे भरून आले, पण पुसायला वेळ नव्हता.

बाराला दहा मिनिटं असताना शेवटचं पान उघडलं. शेवटचा धवला, मुलीच्या पाठवणीचा. त्याखाली मोकळी जागा, आणि मग माझ्याच बोटांनी, काय लिहितेय ते न कळता, टाइप केलेली एक ओळ.

'झाला. पेटीला सगला आला. तुला कवा येल?'

किती वेळ बघत बसले कोण जाणे. ह्यांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा भान आलं. आईने मला समोरासमोर विचारलं होतं आणि मी ते टाइप करून पुढच्या कामाला लागले होते. फोटो काढला. मशीन बंद पडायच्या आत उठले.

"टाका नवीन," मी म्हटलं.

तो तारा जोडायला बसला. मी स्वयंपाकघरात गेले, माळ्यावरचा पाट काढला, वाटीत हळद कालवली. बाहेर येऊन पाट डब्याखाली सरकवला, तांदूळ आणि नारळ मांडला आणि जुन्या डागावरच हळदीचं बोट ओढलं. तो माणूस ह्यांच्याकडे बघायला लागला. हे म्हणाले, "असू दे, तुम्ही तुमचं करा."

मग मी मोबाइल मांडीवर घेतला आणि मांडवाचा पहिला धवला म्हणायला लागले. दुसऱ्याच ओळीला चाल चुकली. पुन्हा पहिल्यापासून धरला.