कोल्ह्याच्या घरात ससा

नाही रे बाळा, परवाच्या खेळात कोल्हा तुझी आत्या होती, मी झाड होते. नीट लिही. झाडाला काही करायचं नसतं, खाटेवर बसून राहायचं. ते मला चांगलं जमतं.

आत्याचं काम तुला ठाऊकच आहे. प्राणिसंग्रहालयात शाळांची पोरं येतात, त्यांना ही खेळात पळवते. कुणी ससा, कुणी हरीण. पाणी कुठं, चारा कुठं, लपायला जागा कुठं, सगळं धावून धावून शिकायचं. पन्नाशीला आली, गुडघे कायम सोललेले, आणि गळ्यातली शिट्टी जेवतानाही काढत नाही. मी म्हणते, अगं, भाजी वाढायलाही शिट्टी मारणार का?

पण एवढी धावणारी बाई, संध्याकाळी येऊन पडते या दोन खोल्यांत. मी जिन्यावर पडले तेव्हापासून जाताना बाहेरून कुलूप लावते, किल्ली शेजारणीकडे. कुलूप मला लावते खरं, पण अडकलीय तीच. काम सुटलं की धापा टाकत घरी, मला न्हाऊ घाल, भरव, कूस बदल. कधी मैत्रिणीकडे रात्रभर राहिली नाही.

आता तिला अभयारण्यात बोलावलंय. पोरं तिथं मुक्कामाला येतात, खऱ्या जंगलात खेळ घ्यायचे, राहायला खोली. मला सांगितलंच नाही. स्वयंपाकघरात फोनवर हळूच म्हणत होती, आईला सोडून जमणार नाही, महिनाअखेरीपर्यंत थांबलात तरी माझं उत्तर हेच असेल. तिला वाटतं मी बहिरी आहे. मला सोयीचं तेवढं ऐकू येतं.

परवा तिनं शेजारची पोरं गोळा करून नवा खेळ करून बघितला. जमिनीवर टॉवेल टाकले, प्रत्येक टॉवेल म्हणजे सशाचं बीळ. शिट्टी झाली की बिळात शिरायचं. दर डावाला आत्या एक टॉवेल उचलायची, म्हणायची, इथं रस्ता झाला, इथं इमारत झाली. बीळ नाही तो बाद. शेजारणीची नात बिळाविना उरली, चिमुरडी, पण बाद व्हायला तयारच नाही. गेली आणि कोल्ह्याच्या, म्हणजे आत्याच्या, स्टुलावर पाय पोटाशी घेऊन बसली. आत्या म्हणाली, अगं, ते कोल्ह्याचं घर आहे.

"मग काय झालं? कोल्हा तर दिवसभर बाहेर. घर रिकामंच आहे."

पोरं फिदीफिदी हसली. आत्याही हसली. मग टॉवेल उचलून घड्या घालत बसली, घातलेल्या मोडून पुन्हा घालत.

माझ्या डोक्यात मात्र ते रुतलं. तुझ्या बापाला मी कोल्हा म्हणत नाहीये, ते लिहू नकोस. बरं, लिही. त्याचं घर तळमजल्यावर. तू वसतिगृहात, तुझी खोली बंद. तुझी आई दुपारपर्यंत कामावरून परत येते. तो म्हणतो, आई ताईकडेच रमते. रमते कसली! आत्याला विचारलं तर म्हणेल, मला कसला त्रास? म्हणून तिला विचारायचंच नाही.

हे तुझ्या बापाला वाचून दाखव. फोनवर नको, समोर बसून. सांग, महिना संपायच्या आत गाडी आण आणि आजीला उचलून जिना उतरव, आपल्या घरी ने. तो गप्प बसला तर तूही गप्प बस, पण हो म्हणेपर्यंत उठू नकोस.