बंद करू नये

नव्या टॉवेलच्या खळीचा वास आला की अक्कलकोट रोडवरचं ते नेट सेंटर आठवतं; भिंतीपलीकडे माग धडधडत होते आणि आत तोच वास कोंडला होता. कामगार नोंदणीचा शेवटचा दिवस, साईट पाचला बंद होणार. टॉवेल शिवणाऱ्या एका अक्काला घेऊन मी युनियनच्या वतीनं गेलो होतो. नोंदणी नाही तर तिच्या पोरीला शिष्यवृत्ती नाही. मॉनिटरवर चिठ्ठी होती, ‘ब्राउझर बंद करू नये’. बंद करून उघडला की तो आपणहून अपडेट होतो आणि अंगठ्याचं मशीन ओळखत नाही, म्हणून सेंटरवाल्यानं तो आठवडाभर उघडाच ठेवलेला. साडेचारला साईट अडकली. सेंटरवाला चहाला गेला होता. चिठ्ठी वाचूनही मी ब्राउझर बंद केला. उघडला, तर अपडेट सुरू. नको म्हणायला बटणच नाही. नंतर अक्कानं दहादा अंगठा ठेवला, मशीन ढिम्म. सेंटरवाला आला आणि म्हणाला, “चिठ्ठी काय भिंतीनं वाचायला लावलीय व्हय?” मी ब्राउझरच्या कंपनीवर घसरलो, “कॉम्प्युटर यांचा, मर्जी त्यांची. न विचारता बदलतात, ही दादागिरी आहे.” अक्का पदरानं अंगठा पुसत म्हणाली, “तुमी तरी मला कुटं इचारलं?” पाच वाजले. पुढे मी त्या दादागिरीवर पत्रक काढलं, अजून वाटतो, त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. अक्काचा प्रश्न मात्र मी त्यात छापलेला नाही.