दगडावर मावेल एवढंच

“तिला कशाला इचारता? इंग्लिश शाळेत शिकलेली ती. मराठी बोलताना घाम फुटतोय तिला,” आत्या बाहेरच्या खोलीत म्हणत होती. मी आत कप विसळत होते. आण्णांना, माझ्या मोठ्या काकांना, जाऊन तीन आठवडे झाले होते. आमच्यात, लिंगायतांत, माणसाला पुरतात आणि उशाशी दगड लावतात. लातुरातल्या कितीतरी दगडांवरची अक्षरं आण्णांनी खोदलेली. त्यांच्या स्वतःच्या दगडावर काय घालायचं, हे मात्र कुणाचंच ठरत नव्हतं. बाबांना ‘प्रेमळ, मनमिळाऊ, शिवभक्त’ हवं होतं, आत्याला सगळ्या नातवंडांची नावं. आण्णांचे कामावरचे जुने जोडीदार नागप्पामामा निलंग्याहून आले होते. अक्षरं आखायला घेतलेला कोळशाचा तुकडा हातात धरून ते म्हणाले, “चार शब्द सांगा. दगड केवढा हाय, बघा की.”

लातूर जिल्हा झाला तेव्हा कोनशिलांची रांग लागली होती. पाहुण्यांची नावं, पदं, कुणाच्या हस्ते, कुणाच्या उपस्थितीत… आण्णा निमूट खोदायचे आणि हात झटकत म्हणायचे, “एवढं लिवलं, तरी माणूस कसा व्हता ते कळंना.” त्याच सुमारास गावात इंग्रजी शाळा निघाली आणि मला तिथं घातलं.

पुढं दुष्काळ पडला. कोनशिला थांबल्या, मरणं थांबली नाहीत. एकदा औशाकडच्या खेड्यातून एक बाई चालत आली. नवरा गेला होता. आण्णांनी छिन्नी फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली. कुणी बोलत असलं की ते हत्याराला हात लावत नसत. बाई खूप वेळ बोलत राहिली. शेवटी आण्णांनी एवढंच विचारलं, “सकाळी उठून ते पहिलं काय करायचे?”

“बैलाला पाणी दावायचे. उरलं तर तोंड धुवायचे.”

दगडावर नाव आलं आणि खाली तीन शब्द : आधी बैलाला पाणी. बाईला वाचता येत नव्हतं. आण्णांनी मला वाचून दाखवायला सांगितलं. मला वाचता येत होतं, पण शाळेत नाहीतर घरी, कुणीतरी माझ्या उच्चारांना हसलेलंच असायचं. आवाज फुटला नाही. मग त्यांनीच वाचलं. बाईनं अक्षरांवरून हात फिरवला. “हेच व्हते ते,” म्हणाली.

जन्मभराच्या छिन्नीच्या ठोक्यांनी आण्णांचे कान गेले. तरी येणाऱ्यासमोर ते बसायचे, त्याच्या ओठांकडे बघत. शेवटच्या भेटीत मी म्हणाले, “आण्णा, त्या बाईला मी वाचून दाखवायला हवं होतं.” त्यांनी कानामागं हात धरला. “मोठ्यानं बोल की गं.” मी पुन्हा तेवढ्याच आवाजात बोलले. मग ‘काही नाही’ म्हणून मीच मान हलवली आणि त्यांना पाणी आणायला उठले…

आता बाहेरच्या खोलीत नागप्पामामांनी कोनाड्यातली आण्णांची छिन्नी काढली. ती अजून त्याच फडक्यात होती. गाठ सोडता सोडता त्यांचं लक्ष आतल्या दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं गेलं. “पोरी, लहानपणी तू रोज बघत व्हतीस त्यास्नी. तुला काय वाटतंय?”

आत्या वळली. बाबाही. माझ्या हातात ओला कप होता. मी बाहेरच्या खोलीत आले आणि आण्णांनासुद्धा ऐकू गेलं असतं इतक्या मोठ्यानं म्हणाले,

“आधी ऐकलं. मग खोदलं.”