खाऱ्या पाण्याची बाटली

ती दुपार आजही आठवते, आणि आठवली की तोंड खारट होतं.

मी तेव्हा फौजदार होतो. दर्यापूर आणि मूर्तिजापूरच्या मधल्या खारपाणपट्ट्यातलं ठाणं. नाव सांगत नाही. बदलीवर येऊन दहाच दिवस झाले होते. ग्रामपंचायती सक्षम करण्याच्या एका प्रकल्पाचा शुभारंभ तालुक्याच्या मैदानावर व्हायचा होता. निधी परदेशी, त्यामुळे पाहुणेही परदेशी. निवडलेल्या गावांच्या सरपंचांनी मंचावर स्वतः करारावर सही करायची, अशी त्यांची अट होती.

आदल्या दिवशी एक गृहस्थ ठाण्यात आले. फुलशेतीवाले, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. मंडपाचा झेंडू त्यांच्याच मळ्यातला होता.

"साहेब, घरची गोष्ट आहे, पण सांगणं भाग आहे," ते म्हणाले. "बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. स्वतःले सरपंच समजते. सरपंच तर माझ्या वहिनी आहेत. उद्या ती बाटलीत पेट्रोल आणून पाव्हण्यांसमोर अंगावर ओतून घेईन. कार्यक्रम होईपर्यंत तिले ठाण्यात बसवून ठेवा."

त्यांनी बायकोचा फोटो दिला आणि डोळे पुसले. नवराच सांगतो आहे म्हटल्यावर मी गावात साधा एक फोनसुद्धा केला नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानाबाहेर बाई गावच्या जीपमधून उतरतानाच आमच्या महिला शिपायाने तिला ताब्यात घेऊन ठाण्यात आणलं. पिशवीत खरोखरच बाटली निघाली. दहा चाळीसला मी स्टेशन डायरीत नोंद केली. ठाणेदार साहेब बंदोबस्तावर होते, ठाणं माझ्याकडे होतं.

"तुमी मले कावून आणलं?" तिने विचारलं.

"तुमच्याच भल्यासाठी, ताई."

"मी सरपंच आहो."

महिला शिपाई हसू दाबत होती. नवऱ्याने सांगितलं होतं तस्संच बाई बोलत होती. खबर पक्की निघाली म्हणून मी मनातून खूशही होतो.

पण बाई ओरडली नाही, रडली नाही. नुसती भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिली. जीव द्यायला निघालेलं माणूस घड्याळ पाहत नाही, एवढं मला नोकरीनं शिकवलं होतं. मी बाटलीचं झाकण उघडलं. वास नव्हता.

"काय आहे यात?"

"आमच्या गावचं पाणी. प्या की."

मी एक घोट घेतला. खारट, जड. घशाखाली उतरेना.

"करारात लिहून राहिले, घरोघरी गोड पाणी आहे," ती म्हणाली. "त्याशिवाय नमुनेदार गाव म्हणून नंबर लागत नाही ना. मी सही करणार नाही म्हटलं. पाव्हण्यांले हा एक घोट पाजाचा होता, बस. दोन वर्षं झाले साहेब, लेकरं हेच पिऊन राहिले."

त्या गावाचा बीट जमादार आजारी रजेवर होता. त्याला फोन लावला आणि तो आवाज ओळखतो का ते पाहायला फोन तिच्या हातात दिला. तिने विचारलं, "जमादार, तब्येत कशी आहे?" मी फोन परत घेतला, तेव्हा तो म्हणाला, "सायेब, त्या आमच्या सरपंचबाई. ठाण्यात कावून बसवल्या?"

मी टोपी उचलली आणि जीप काढायला सांगितली.

तिला जीपमध्ये घेऊन मैदानावर पोचलो तर मंचावर तिची जाऊ सही करून पेन खाली ठेवत होती. नवरा पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होता. त्याच्यामागे त्यांच्याच गावचे तीस-चाळीस लोक, तेही टाळ्या वाजवत होते. मंचावरच्या बाईकडे बोट दाखवून एका वयस्कर माणसाला मी विचारलं, "ह्या तुमच्या सरपंच?"

"नाही."

"मग बोलले का नाही?"

"पाव्हणे संध्याकाळी जातीन साहेब. आमाले गावातच राहाचं आहे."

चोर, दरोडेखोर, खुनी, सगळे पाहिले होते. पण दिवसाढवळ्या, आनंदाने, अख्ख्या गावाने केलेला असा गुन्हा मी पाहिला नव्हता. आणि त्यात माझाही हात होता.

ठाण्यात आणून नवऱ्याची चौकशी केली. तो घाबरला नव्हता. "आरक्षण पडलं म्हणून नाव तिचं लागलं. सगळा कारभार मीच पाहतो. सही तिनं केली का वहिनीनं केली, काय फरक पडते?" तो वाद घालत नव्हता, खरंच विचारत होता. ते ऐकून मी जास्त हादरलो, आणि काय फरक पडतो ते त्याला ठणकावून सांगितलं.

बाईची मागणी एकच होती. मंचावर सही झाली तेव्हा ती ठाण्यात होती, याचा पुरावा आमच्या डायरीत होता. त्या नोंदीची नक्कल तिला हवी होती. ठाणेदार साहेबांनी मला बाजूला घेतलं. "नक्कल देशील तर तुझ्याच अंगावर येईल." खोटं नव्हतं ते, पुढे माझी खातेनिहाय चौकशी झालीच. पण मी नक्कल काढायला डायरी उघडली.

तिने वाकून नोंद वाचली. मी लिहिलं होतं: 'अमुक अमुक यांची मनोरुग्ण पत्नी, ताब्यात.'

"साहेब," ती म्हणाली, "यात माझं नावच नाही."

खरं होतं. नवऱ्याचं नाव पूर्ण होतं, बापासकट. गावच्या सरपंचाला मी अडीच तास बसवून ठेवलं आणि तिचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. आणि नवऱ्याला मात्र काय फरक पडतो ते मी नुकतंच ठणकावून सांगितलं होतं.

त्या नोंदींच्या नकलेवर तो करार रद्द झाला. पुढे तिने नवा ठराव केला, त्यात पहिली ओळ खाऱ्या पाण्याची होती. घरचा माणूस सांगतो म्हणून कुणाबद्दल काही मानून घेणं मी तेव्हापासून सोडलं. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी जुन्या नोंदीखाली नवी नोंद सुरू केली, पेन टेकवलं आणि तिला विचारलं, "ताई, आपलं नाव काय?"