वऱ्हाडाची बस आणि झिबोडी

अठरा वर्षांनी झिबोडी घानाला, आपल्या अन्लोगा गावी आली, तेव्हा तिच्या आधी तिची कीर्ती तिथे पोचलेली होती. ‘पोरगी जर्मनीत मोठ्या ऑफिसात आहे,’ असं तिची आई बाजारात कांदे विकता विकता ज्याला त्याला सांगायची. खरं म्हणजे झिबोडी हॅम्बुर्ग शहरात बस चालवत होती. सतरा वर्षं. पण पहिल्याच फोनवर आईने “ऑफिसच ना गं?” असं इतक्या आशेने विचारलं, की हिच्या तोंडून “हो” निघून गेलं. नंतर खरं सांगायला मुहूर्त सापडला नाही.

शनिवारी मामेबहिणीचं लग्न होतं, लांब क्पांडोला. सगळ्या गोतावळ्यासाठी एक जुनी बस ठरवली होती. बेचाळीस माणसं, मोठमोठी पातेली आणि नवरीचा बाप अग्बेकोमामा, पेन्शनीत निघालेला शाळामास्तर. निम्म्या वाटेत ड्रायव्हर सेनानूने बस कडेला घेतली आणि तो झुडपाआड पळाला. परत आला, पुन्हा पळाला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याचा चेहरा पार उतरला होता.

“काय खाल्लंस रे सकाळी?” मामा कडाडले.

“मासळी, मास्तर. जरा कालची होती. पाय लटपटतायत, क्लच दाबवत नाही.”

“आणि तिकडे नवरीने काय तुझं पोट बरं व्हायची वाट बघत बसायचं?”

चौघांनी चार ठिकाणी फोन लावले. दुसरा ड्रायव्हर मिळेना. तेवढ्यात मागून झिबोडी म्हणाली, “मी चालवू?”

सगळी बस हसली. “बाई गं,” मामा म्हणाले, “ही बस आहे, ऑफिसातली खुर्ची नव्हे.”

“कळतंय मला. सरका जरा.”

सेनानू शेजारी पोट धरून बसला. “ताई, तिसरा गिअर रुसतो. आधी मागे ओढायचा, मग ढकलायचा.” पहिल्या झटक्याला बस बंद पडली, पातेल्यांची झाकणं खणखणली, एक मावशी मोठ्याने देवाचं नाव घेऊ लागली. दुसऱ्या खेपेला बस निघाली ती निघालीच. घाटात समोरून लाकडाचा ट्रक अंगावर आला, तर झिबोडीने बस अशी अलगद बाजूला घेतली की मागे कुणाच्या मांडीवर झोपलेल्या पोराची झोपही मोडली नाही. दोघी-तिघी उभ्या राहून खिडकीतून बघायला लागल्या, तशी ती सवयीने जर्मन भाषेत ओरडली. अक्षर कुणाला कळलं नाही, पण मामांसकट सगळे मुकाट खाली बसले.

सेनानू तिच्याकडे बघतच राहिला. “ताई, तुम्ही काही आज पहिल्यांदा बस धरलेली नाही.”

झिबोडीने आरशात बघितलं. तिसऱ्या रांगेत आईचा निळा रुमाल दिसत होता.

“सतरा वर्षं हेच करते,” ती म्हणाली. “हॅम्बुर्गात. ऑफिस नाही, काही नाही.”

आईने रुमाल पुढे ओढला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. लग्नात मात्र भेटेल त्याला सांगत होती, “ही माझी मुलगी. हिने आणलं आम्हाला.” सांगताना झिबोडीकडे मात्र बघत नव्हती. परतीला सेनानू बरा झाला होता, तरी मामांनी त्याला मागे बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी अंगणात कांदे निवडत बसल्या.

“केवढी असते तिथली बस?” आईने खाली मान घालूनच विचारलं.

“कालच्या दुप्पट. दोन डबे जोडलेले, वळताना मधे वाकते.”

“वाकते?” आईच्या हातातला कांदा तसाच राहिला. “आणि तू वाकवतेस?”

“रोज.”

“मग मला ऑफिस कशाला सांगितलंस, मूर्ख?” आई खरोखरच रागावली होती. “ऑफिसात बसणाऱ्या इथे ढिगाने आहेत!” तिने पुढच्या कांद्याची साल ओढली. “आणखी काय सांगितलं नाहीस?”

झिबोडीने हातातला कांदा टोपलीत टाकला. “लग्न मोडलं माझं. चार वर्षं झाली.”

“ते माहीत आहे मला. फोटोत तो दिसेनासा झाला, तेव्हाच कळलं.” आईने पुढची टोपली तिच्याकडे सरकवली. “मी म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल. चल, हात चालव. दुपारी भेंडीचा रस्सा करू.”